पोटरी उडते, बाकी सगळं नॉर्मल

आमच्या खामगावात तब्येत ही खासगी बाब नसते. चौकात भेटलेला माणूस ‘काय म्हंता, बरं हाये ना?’ असं विचारतो, तेव्हा त्याला खरोखर उत्तर हवं असतं आणि तेही दोन शब्दांत. ‘शुगर निघाली.’ ‘गुडघे गेले.’ ‘मुतखडा झाला.’ असं सुटसुटीत काही हाती लागलं, की तो गाडी स्टँडवर लावतो, एक औषध सांगतो, तेच औषध घेऊन दगावलेल्या दोन नातेवाइकांची हकीकत सांगतो आणि समाधानानं आपल्या कामाला लागतो. मुतखड्याला तर आमच्या भागात घरच्या पाहुण्याचा मान आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडचा बराचसा मुलूख पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. तिथं पोटात कळ आली की डॉक्टरच्या आधी विहिरीवर संशय जातो.

पण ‘माझ्या डाव्या पोटरीत काहीतरी आपोआप उडतं’ या वाक्याचं काय करायचं, ते चौकात कुणालाच ठाऊक नसतं. ऐकणारा आधी पोटरीकडे बघतो, मग तोंडाकडे. ‘दुखते का?’ नाही. ‘सुजली?’ नाही. ‘मुंग्या येते?’ नाही. ‘मंग?’ मग काही नाही, नुसती उडते. यावर तो ‘अस्सं’ म्हणतो आणि गाडीला किक मारतो. दुखत नाही, सुजत नाही, पण आहे, असा आजार घेऊन चारचौघांत वावरणं कठीण असतं. सहानुभूती द्यायची लोकांची तयारी असते. ती कोणत्या खात्यावर जमा करायची, एवढंच त्यांना कळत नाही.

सुरुवात काही पोटरीपासून झाली नव्हती. २०२४च्या दिवाळीच्या सुमाराला आधी उजव्या डोळ्याची पापणी लवू लागली आणि तोवर सगळं रीतसर चाललं होतं. डोळा लवण्याला आपल्याकडे भक्कम शास्त्राधार आहे. पुरुषाचा उजवा आणि बाईचा डावा शुभ. कालिदासाचा दुष्यंत कण्वाच्या आश्रमात पाऊल टाकतो तेव्हा त्याचा बाहू स्फुरतो आणि थोड्याच वेळात शकुंतला दिसते. सुंदरकांडात अशोकवनातल्या सीतेचा डावा डोळा लवतो, डावा हात आणि डावी मांडी स्फुरते आणि झाडावरचा हनुमान रामाची खबर सांगू लागतो. दोघांपैकी कुणालाही ‘एकदा बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या’ असं कुणी म्हटल्याची नोंद नाही.

आमच्या आईनं त्याच आधारावर जाहीर करून टाकलं, की घरात पैसा येणार. आमच्या घरात पैसा यायच्या वाटा दोनच, सोयाबीन आणि कपाशी. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. पापणी इमानेइतबारे लवत राहिली, पण बाजार समितीतला भाव काही त्या आकड्याच्या वाऱ्याला उभा राहिला नाही. शेवटी आईच म्हणाली, ‘लवते तं लवू दे बाप्पा, पन तिच्या भरोशावर माल घरात ठेवू नको.’

शकुन असा तोंडावर पडल्यावर पापणी गप्प झाली आणि सगळा कारभार पोटरीकडे गेला. पोटरीच्या बाबतीत मात्र घरात कुणाचंच पाठांतर नव्हतं.

हा प्रकार जवळून कसा दिसतो, ते सांगतो. संध्याकाळी पलंगावर पाय पसरून बसावं. पोटरीच्या आतल्या अंगाला कातडीखाली एक बारीक टिचकी पडते. मग सामसूम. मग लागोपाठ दोन टिचक्या. मग बोटभर खाली सरकून तिसरी. कातडीवर वाटाण्याएवढा खळगा पडतो आणि भरून येतो. पायावरचे चार केस हलतात. पाय आपला, मांस आपलं, पण हुकूम आपला नाही. मी सौ.ला हाक मारली. ती कणकेच्या हातानंच आली. पोरगा मोबाइलचा टॉर्च लावून आला, आई चष्मा शोधून आली आणि खालच्या मजल्यावरचे काका कसला गलका आहे म्हणून आले. चार डोकी माझ्या पोटरीवर वाकली. आणि पोटरी ठार.

‘कुठी?’ काकांनी विचारलं.

‘आत्ता होती.’

‘मंग गेली कुठी?’

काकांनी खात्री करून घ्यायला बोटानं दोनदा दाबून पाहिलं. पोटरी जागची हलली नाही. आईनं ‘लेकराले झोप नाई पुरत’ असा निकाल दिला, सौ. पोळ्यांकडे वळली, टॉर्च विझला, काका जिना उतरले. शेवटच्या पायरीवर त्यांचं पाऊल पडलं असेल-नसेल, तोच टिचकी.

यावर पोरानं तोड काढली. मोबाइल स्टूलवर टेकवून त्यानं पोटरीचं चित्रीकरण केलं आणि मला न विचारता ते नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. आमच्या घराण्यात अकोल्यापासून अमरावतीपर्यंत पसरलेली जेवढी माणसं आहेत, तेवढ्यांनी त्या दिवशी माझी पोटरी पाहिली. आत्याबाईंनी नुसते हात जोडले. एका चुलतभावानं ‘पाय कोनाचा हाये?’ एवढंच विचारलं. मेव्हण्यांनी व्हिडिओ सुरूच होत नाही म्हणून तक्रार केली. तो सुरू होऊन संपला होता, हे त्यांना पटवून द्यावं लागलं. आणि मोठ्या काकूंनी लिहिलं, ‘पायाले तेल लावत जाय.’ त्वचा कोरडी पडल्याचं माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं.

निदानांची मात्र रीघ लागली. ओळखीच्या वैद्यांनी ‘वात’ म्हणून महानारायण तेल दिलं. काका म्हणाले, कमरेत नस दबली. मेडिकलवाल्यानं मॅग्नेशियम कमी पडलं असणार म्हणून गोळ्यांची पट्टी पुढे केली. ही बातमी संग्रामपूर तालुक्यात माझ्या सासुरवाडीला पोचली, तेव्हा सासऱ्यांनी ती मनाला लावून घेतली. ‘आमच्या जावयाले क्षार कमी पडते?’ ते म्हणाले. ‘दोन दिवस आमच्या हिरीचं पानी पेयाले लावा. पुरून उरतीन.’ शेजारच्या काकूंनी सैलानीला एक चक्कर मारून यायला सांगितलं. पिंपळगाव सराईजवळच्या त्या दर्ग्यावर होळीला नारळांची होळी पेटते आणि अंगात काही शिरलं-बिरलं असलं की माणसं तिकडे नेतात. माझ्या सबंध अंगात नव्हे, फक्त डाव्या पोटरीत शिरलंय, एवढ्यासाठी बाबांना तसदी द्यावी का, असा प्रश्न मी विचारला. आईनं शेगावच्या गजानन महाराजांना परस्पर नवस बोलून टाकला होता आणि माझ्या वतीनं एकवीस अध्यायांचं पारायणही कबूल केलं होतं. पायाच्या नावानं नवस आणि वाचायचं डोळ्यांनी, असा हिशेब होता.

एका हितचिंतकानं ‘ताकदीचं सलाईन’ लावून घ्यायचा आग्रह धरला. आमच्याकडे माणूस मलूल दिसला की त्याला ताकदीचं सलाईन लावतात आणि त्यात एक लाल इंजेक्शन सोडतात. लाल रंग त्या बी-ट्वेल्व्हचाच असतो, पण बाटली गुलाबी झालेली दिसली की नातेवाइकांच्या चेहऱ्यावर रोग्याच्या आधी तरतरी येते.

आमचे घरचे डॉक्टर मात्र भले. त्यांनी सलाईन लावलं नाही. थायरॉइड, कॅल्शियम, शुगर, बी-ट्वेल्व्ह अशा तपासण्या लिहून दिल्या आणि विचारलं, ‘झोप किती? चहा किती?’

‘दोन-तीन कप,’ मी म्हणालो.

‘घरचे,’ सौ. म्हणाली. ‘टपरीवरचे आनखी इचारा.’

टपरीवरचे विचारून झाल्यावर डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. रिपोर्ट आले ते सगळे नॉर्मल. ते म्हणाले, चहा कमी करा, झोपा, विसरून जा. पहिल्या दोन सूचना पाळता येण्यासारख्या होत्या.

विसरू दिलं नाही ते पुण्याला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्यानं. आम्हाला जिथं डॉक्टर लागतो, तिथं त्याला सर्च लागतो. ‘मामा, हे मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये पण होतं,’ असं त्यानं रात्री साडेदहाला कळवलं आणि खाली ‘टेन्शन घेऊ नका’ असंही लिहिलं. त्या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशीच एकेक करून मरत जातात, आणि स्टीफन हॉकिंगला तो १९६३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी असल्याचं कळलं, अशी माहिती त्यानं सोबत जोडली होती. मी घाबऱ्याघुबऱ्या सौ.ला उठवलं. तिनं अर्धवट डोळे उघडून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तो शास्त्रज्ञ होता. तुमाले कायले होईन?’ आणि कूस बदलली. माझ्या बुद्धीबद्दल तिचं जे मत आहे, त्यानं इतका धीर पहिल्यांदाच दिला.

तरी धसका तो धसकाच. पुढचे कितीतरी दिवस मी घरात कुणी नसताना टाचांवर चालून बघत होतो, मग चवड्यांवर, मग आरशात जीभ काढून ती फडफडते का ते. एकदा सौ.च्या शिलाईच्या डब्यातली टेप काढून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी अर्ध्या सेंटीमीटरनं बारीक! मांस झडायला लागलं, या विचारानं घशाला कोरड पडली. पँट शिवायच्या निमित्तानं मी आमच्या शिंप्याकडे गेलो आणि त्याच्याकडून पुन्हा मोजून घेतल्या. तो तोंडातली टाचणी काढून म्हणाला, ‘भाऊ, कोनाचेच दोन पाय सारखे नसते. तीस वर्सं झाले पँटी शिवून राह्यलो.’ या सगळ्या काळात जी वैद्यकीय मतं मला मिळाली, त्यातलं हे एक फुकटचं होतं आणि पुढे तेच टिकलं.

एरवी गूढ आजारांची आमच्या जिल्ह्याला अशी काही अपूर्वाई नाही. निसर्गानं आमच्यावर या बाबतीत खास मेहनत घेतलेली आहे. लोणारचं सरोवर उल्कापातानं झालं हे आता सर्वमान्य आहे, पण त्यानं तेवढ्यावर समाधान मानलं नाही. जून २०२०मध्ये ते एकाएकी गुलाबी झालं. मग नागपूरची ‘नीरी’ आणि पुण्याची आघारकर संस्था यांच्याकडे पाण्याचे नमुने गेले. क्षार वाढले की रंग धरणारे सूक्ष्मजीव त्यात माजले होते, असं निघालं. तोवर आमच्याकडे त्याची सतरा कारणं तयार होती.

आणि माझी पोटरी उडत होती त्याच हिवाळ्यात, डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमधून माणसांचे केस मूठमूठ हातात येऊ लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. बाया, माणसं, शाळेतली पोरं, कुणी सुटलं नाही. ज्यांच्यावर आलं त्यांना त्यात हसण्यासारखं काही नव्हतं; लग्नाच्या पोरीच्या आईबापांना विचारावं. आधी पाण्यावर संशय गेला, ते ओघानंच आलं. मग शाम्पूवर गेला, मग बुरशीवर. दिल्लीहून आयसीएमआरचं पथक आलं. विंचूदंशावरच्या कामामुळे जगाला ठाऊक झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर स्वतः गावांमध्ये फिरले आणि रक्त, लघवी, केस तपासून त्यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. पण हे सगळं होईपर्यंत थांबायला कुणाला सवड होती? ‘टक्कल व्हायरस’ हे नाव पहिल्याच आठवड्यात पेपरात आणि टीव्हीवर झळकलं होतं. व्हायरस शेवटपर्यंत आलाच नाही, नाव मात्र वेळेवर हजर. आपल्याला रोग परवडतो, बिनानावाचा रोग परवडत नाही.

माझ्या पोटरीलाही त्या लाटेत थोडा भाव आला. ‘तुमी कोन्ता गहू खाता?’ अशी चौकात चौकशी झाली. आम्ही ज्वारी खातो म्हटल्यावर लोकांचा उत्साह मावळला. डोक्यावरचे केसही माझे जागच्या जागी होते. पोटरीवरचे तर होतेच, ते हलताना आख्ख्या खानदानानं पाहिले होते.

अखेर ‘मोठ्या डॉक्टरला’ दाखवायचं ठरलं. आमच्या जिल्ह्याचे राजूर घाटानं दोन भाग केले आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. भाषा बदलते, भाकरीची जाडी बदलते, पण खरी हद्द कळते ती दुखणं वाढल्यावर. घाटावरचे चिखली, देऊळगाव राजाकडचे लोक रोग्याला गाडीत घालून छत्रपती संभाजीनगरची वाट धरतात. घाटाखालचे आम्ही अकोल्याची. बुलढाण्याला २०२४पासून सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय, पण तिथली पहिली तुकडी अजून हाडांची नावं पाठ करत होती. तेव्हा अकोला. तिथं कुणाकडे जायचं, तर मेंदू आणि मज्जासंस्थेच्या डॉक्टरकडे. आमच्या गल्लीत मज्जासंस्था कुणी ऐकलेली नाही. ‘पोटरीसाठी मेंदूवाल्याकडं चालले’ एवढीच बातमी पसरली, आणि ती ऐकून काही जणांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांपासूनची शंका फिटल्याचं समाधान दिसलं.

अक्षय तृतीयेच्या आसपासचे दिवस होते. अकोल्याच्या उन्हाबद्दल नव्यानं काही लिहिण्यासारखं उरलेलं नाही. डॉक्टरांनी रबरी हातोडीनं गुडघे वाजवले, तळव्यावर किल्ली ओढली, जीभ बाहेर काढायला लावली आणि ती इतका वेळ न्याहाळली, की मला मधेच आवंढा गिळायची परवानगी मागावी लागली. जीभ बाहेर असल्यानं तीही मागता आली नाही. मग म्हणाले, टाचांवर चालून दाखवा. मी असा सराईतपणे चाललो, की त्यांनी विचारलं, ‘घरी प्रॅक्टिस केली?’ सौ. म्हणाली, ‘रोज करते. त्याइले वाटते मले दिसत नाई.’

पोटरी अर्थातच त्या वेळी उडाली नाही. मी मोबाइल काढून चित्रीकरण दाखवलं. डॉक्टरांनी ते शेवटपर्यंत पाहिलं, आमच्या नातेवाइकांत एवढी चिकाटी कुणाकडे नव्हती. म्हणाले, ‘ताकद आहे, मांस शाबूत आहे. मला काळजी वाटत नाही. पण तुम्हाला वाटतेय, तर मशीन लावून बघू.’

मशीनचे दोन भाग. पहिल्यात पायाला तारा चिकटवून विजेचे झटके देतात आणि मज्जातंतूतून निरोप किती वेगानं जातो ते मोजतात. इटलीत बोलोन्याला लुइजी गॅल्व्हानी नावाच्या गृहस्थानं मेलेल्या बेडकाचे पाय विजेनं नाचवून दाखवले आणि १७९१मध्ये त्यावर लिहिलं, तिथून हे शास्त्र निघालं. दर झटक्याला माझं पाऊल टुणकन उडत होतं. इतके महिने जे मला कुणाला दाखवता आलं नव्हतं, ते आता बटण दाबलं की होत होतं. सौ.ला म्हटलं, बघ. ती म्हणाली, ‘हे तं ते करून राह्यले.’

दुसऱ्या भागात पोटरीत सुई घालतात आणि आतला विजेचा खेळ पडद्यावर रेघेनं आणि स्पीकरवर आवाजानं उमटतो. ‘पाय ढिला सोडा,’ डॉक्टर म्हणाले. पोटरीत सुई असताना पाय ढिला सोडणं हा योगसाधनेचा विषय आहे. सोडला. खोलीत खर्रर्र अशी बारीक शांतता. आणि मग, टप्. थोड्या वेळानं पुन्हा, टप्. कडक उन्हाळ्यात पत्र्यावर एखाददुसरा टपोरा थेंब पडावा तसा आवाज. डॉक्टर म्हणाले, ‘हीच ती तुमची टिचकी. एका मज्जातंतूच्या ताब्यात स्नायूचे पुष्कळ धागे असतात. तंतूच्या टोकाशी आपोआप ठिणगी पडली, की ते सगळे धागे एकदम आखडतात. थकवा, जागरण, चहा, काळजी, कशानंही. असे सुटे थेंब चालतात. संततधार लागली असती, तर मी बोललो असतो.’

शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला माणूस मी. अवर्षणाची बातमी ऐकून हात जोडायची माझी ही पहिलीच वेळ.

त्या पडद्याकडे बघताना मला भेंडवळ आठवत होती. आमच्याच जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात हे गाव. अक्षय तृतीयेला संध्याकाळी गावाबाहेर शेतात घट मांडतात. गोल करून अठरा धान्यं ठेवतात. मधे खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, तिच्यावर पापड, कुरडई, भजं, वडा, पुरी. रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना वाघ महाराजांच्या घराण्यातली मंडळी येतात, कुठला दाणा किती सरकला, कुठलं ढेकूळ किती भिजलं ते बघतात आणि पाऊस, पिकं, रोगराई, राजाची गादी, सगळ्याचं भाकीत सांगतात. शेकडो शेतकरी कान टवकारून उभे असतात. ते खरं होतं की नाही यावर अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचं आणि गावाचं दरवर्षी वाजतं. त्यात मी पडत नाही. मी एवढंच पाहत आलोय, की भेंडवळच्या माळावरून कुणी रिकाम्या हातानं परतत नाही. पाऊस कमी म्हणतील, जास्त म्हणतील, कपाशीवर रोग म्हणतील. घट पाहून वर ‘काही नाही, सगळं नॉर्मल आहे, घरी जा’ असं जर महाराज म्हणाले, तर पुढच्या वर्षी तिथं चिटपाखरू यायचं नाही.

अकोल्याचे डॉक्टर मात्र नेमकं तेच म्हणाले.

‘काही नाही?’ मी विचारलं.

‘काही नाही.’

‘म्हणजे पुढे काही होऊ शकतं?’

त्यांनी हा प्रश्न पुष्कळदा ऐकलेला असावा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशा नुसत्या फडफडीच्या १२१ रोग्यांचा वर्षानुवर्षं, काहींचा तर तीस-बत्तीस वर्षं पाठपुरावा केला आणि १९९३मध्ये निष्कर्ष छापला, असं त्यांनी सांगितलं. एकालाही पुढे तो हॉकिंगवाला आजार झाला नाही. वर म्हणाले, हा धसका सगळ्यांत जास्त कुणाला बसतो? वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि डॉक्टरांना. पापणी लवली की स्वतःच स्वतःचे गुडघे वाजवत बसतात. मग कागदावर त्यांनी ‘कधी यायचं’ ते लिहून दिलं: पायातली चप्पल नकळत निसटायला लागली, जिना चढताना पाय साथ देईना, शर्टाचं बटण लावताना बोटं कमी पडली, गिळताना ठसका लागायला लागला, हातापायाचं मांस डोळ्यांना दिसेल असं उतरलं, तर लगेच. ‘ताकद गेली तर या,’ ते म्हणाले, ‘नुसतं उडतंय म्हणून येऊ नका. ते माझंही उडतं.’

बाहेर काउंटरवर पैसे भरताना पुढचा माणूस भांडत होता. त्याच्या वडिलांच्या डोक्याचा एमआरआय स्वच्छ निघाला होता. ‘काईच निघालं नाई तं एवढे पैसे कायचे?’ असा त्याचा रास्त सवाल होता. काउंटरवरची मुलगी थंडपणे म्हणाली, की गाठ निघाली असती तरी इतकेच झाले असते. त्याला ते अजिबात पटलं नाही. मला पटलं, पण पावतीकडे बघितल्यावर त्याचंही म्हणणं थोडं पटलं.

खामगावात परतलो तो सगळं गाव निकालासाठी ताटकळलेलं.

‘काय निघालं?’

‘काही नाही.’

मी आयुष्यात इतक्या लोकांची इतकी निराशा एका दिवसात केलेली नाही. काकांनी विश्वास ठेवला नाही. ‘डॉक्टर लोकं पेशंटले सांगत नाई, घरच्याइले सांगते,’ असं म्हणून ते सौ.ला बाजूला घेऊन गेले. मेडिकलवाला मॅग्नेशियमवर ठाम होता. सासऱ्यांनी नागपूरच्या डॉक्टरचा नंबर पाठवला. भाच्यानं मेयोचा तो लेख शोधून वाचला आणि १२१ हा आकडा लहान असल्याचं कळवलं. आईचं मात्र चांगलं झालं. नवस फळला म्हणून आम्ही शेगावला जाऊन आलो, दर्शन घेतलं, महाप्रसाद घेतला, आणि स्टेशनजवळ कचोरी खाताना पोटरी एकदा उडाली. मी कुणाला सांगितलं नाही.

आता ती अधूनमधून उडते, जागरण झालं की जरा जास्त. माझं तिच्याकडे लक्ष नसतं असं नाही, पण उठून टेप आणत नाही. उलट गल्लीत या विषयाचा जाणकार म्हणून माझं नाव झालंय. कुणाची पापणी लवते, कुणाचा अंगठा उडतो, कुणाच्या दंडात टिचकी मारते. सगळे आता सरळ आमच्या ओट्यावर येतात. मी चहा किती, झोप किती, ते विचारतो. गल्लीच्या टोकापर्यंत टाचांवर चालून यायला सांगतो. चप्पल निसटते का, विचारतो. निसटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे पिटाळतो. नसेल तर डॉक्टरांच्याच सुरात सांगतो, ‘काही नाही, जा, झोपा.’ ते मान डोलावतात, सौ.नं केलेला चहा पितात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं अकोल्याला जातात. बरोबरच आहे त्यांचं. ‘काही नाही’ ओट्यावर फुकट मिळालं तर त्याचा गुण येत नाही. ते पावती फाडूनच घ्यावं लागतं.